बिरसीची धावपट्टी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे आहेत. या मुलखाला तेथील लोक झाडीपट्टी म्हणतात. नावाप्रमाणेच हा प्रदेश झाडांचा आहे. सागवान, ऐन, मोह आणि तेंदू यांची राने, रानांच्या मधून मधून धानाच्या बांध्या, आणि त्या बांध्यांना पाणी पाजणारे जुने तलाव, असे त्याचे रूप. वैनगंगा ही या मुलखाची माय. उत्तरेकडून येऊन ती चारही जिल्ह्यांची तहान भागवते आणि पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते.

अशा मुलखात माणसाची नजर सहसा खालीच असते. रोवणी करणारी बाई चिखलाकडे पाहते. मोहफुले वेचणारे मूल पाचोळ्याकडे पाहते. रानातून जाणारा वाटसरू पायवाटेवरील ठसे न्याहाळत चालतो. वर पाहायचे ते पावसाची चाहूल घेण्यासाठी. परंतु गोंदिया शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर, कामठ्याजवळ, बिरसी नावाचे एक गाव आहे. तेथील माणसांना मान वर करण्याची सवय फार पूर्वीच लागली. कारण या गावाच्या शिवारात विमाने उतरण्याची धावपट्टी आहे, आणि ती ऐंशी वर्षांहून अधिक काळ तेथे पडून आहे.

ती आली युद्धाबरोबर. १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. भारतावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि त्यांचे युद्ध ते आपोआप या देशाचेही युद्ध झाले. लढाऊ विमानांना उतरण्यासाठी, तेल भरण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी जागा हव्या होत्या. समुद्रकाठची ठिकाणे शत्रूच्या टप्प्यात सापडण्याची भीती असे. देशाच्या पोटातील जागा त्या मानाने निर्धास्त. मग सरकारी माणसे नकाशे घेऊन हिंडू लागली. त्यांना हवी होती सपाट जमीन, डोंगर दूर असलेली, पाण्याखाली न जाणारी, आणि खडी, सिमेंट व इंधन आणण्यासाठी रेल्वेजवळची. गोंदिया हे तर मुंबई-हावडा मार्गावरील मोठे जंक्शन. १९४० च्या सुमारास बिरसीच्या शिवारात धावपट्टी बांधली गेली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते आणि आजचा गडचिरोली जिल्हा चांद्याच्या पोटात होता. ज्या शेतकऱ्यांच्या बांध्यांवरून ही पट्टी गेली, त्यांना हिटलर कोण आणि त्याचे भांडण कशासाठी, हे कितपत ठाऊक असेल?

१९४५ साली युद्ध संपले. सैन्य गेले, विमाने गेली, धावपट्टी मात्र राहिली. शेत पडीत राहिले तर दोन पावसाळ्यांनंतरही ते पुन्हा नांगराखाली आणता येते. धावपट्टीचे तसे नाही. ती बांधताना माती खणून काढतात, दगड आणि मुरूम भरतात, वरून जड रूळ फिरवून सारे घट्ट दाबतात. एकदा अशी दाबलेली जमीन धानाला कायमची मुकते. तिच्या भेगांत गवत उगवेल, पण साळ उगवणार नाही. म्हणून युद्धानंतर देशात ठिकठिकाणी पडून राहिलेल्या धावपट्ट्यांचा एकच प्रश्न होता. त्या शेताला परत देता येत नव्हत्या, मग त्या कुणाच्या हाती द्यायच्या?

या प्रश्नाचे एक उत्तर शेजारच्या नागपुरात मिळाले. तेथील सोनेगावचा विमानतळही युद्धकाळात इंग्रजांच्या हवाई दलाचा तळ होता. इंग्रज गेल्यावर तो भारत सरकारकडे आला आणि थोड्याच दिवसांत तेथे एक मोठी मौज सुरू झाली. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमाने नागपूरला येऊ लागली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांच्या चार शहरांतून विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकमेकांना भेटत. मुंबईच्या विमानातील कलकत्त्याच्या पत्रांच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात जात, दिल्लीच्या मद्रासच्या विमानात. उतारूही तसेच विमान बदलत. मग चारही विमाने अंधारातच आपापल्या गावी परतत. सायंकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी हजार मैलांवर पोहोचावे, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. सैन्यासाठी बांधलेल्या धावपट्टीवर आता कुणाच्या लग्नाचे निमंत्रण, कुणाच्या नोकरीचा हुकूम आणि कुणाच्या आईची खुशाली उतरत होती. हे काम धोक्याचेही होते. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री सोनेगावहून उडालेले एक डाकोटा विमान लगेच कोसळले आणि त्यातील तेरा माणसे मृत्युमुखी पडली. तरीही ही रात्रीची भेट पुढे बरीच वर्षे चालू राहिली.

याच सोनेगावच्या धावपट्टीवर आणखी एक लहानसा संसार मांडला गेला होता. तो म्हणजे नागपूर फ्लाइंग क्लबचा. दोन-चार आसनांची लहान विमाने, एक शिक्षक आणि शेजारी बसलेला विद्यार्थी. अशा विमानांचा सारा जीव मोकळ्या आकाशात. विमानतळावर दिवसाला चार-दोन मोठी विमाने येत होती, तोवर हे जमले. परंतु मोठ्या विमानांची ये-जा वाढली की लहान विमानांना उभे राहायलाही जागा उरत नाही. जड विमान गेले की त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेत भोवरे सुटतात आणि ते काही मिनिटे फिरत राहतात. लहान विमान त्या भोवऱ्यात सापडले तर उलटू शकते. म्हणून नियंत्रण मनोऱ्यातून त्याला ‘थांबा’ असा हुकूम येतो. ते जमिनीवर उभे असेल तर विद्यार्थी इंजिनाची घरघर ऐकत बसतो. आकाशात असेल तर एका कडेला घिरट्या घालीत राहतो. शिकण्याचा तास असाच सरतो आणि तेल मात्र जळतच राहते. गावात मोटारी वाढल्या म्हणजे सायकल शिकणाऱ्या मुलाला मैदान शोधावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

ते मैदान बिरसीला होते. ऑगस्ट १९९८ ते डिसेंबर २००५ पर्यंत तेथील धावपट्टी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यात होती. त्यानंतर ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. केंद्रातील नागरी विमान वाहतूक खाते त्या काळी गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते, ही गोष्टही बिरसीच्या पथ्यावर पडली असे मानायला हरकत नाही. धावपट्टी वाढवण्यात आली, नव्या इमारती उठल्या, आणि कॅनडातील एका विमान-प्रशिक्षण कंपनीच्या भागीदारीने येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. पुढे रायबरेलीजवळील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीनेही गोंदियाला प्रशिक्षण सुरू केले. उत्तरेत हिवाळ्यात दाट धुके पडते आणि विमाने दिवसच्या दिवस जमिनीवर खिळून राहतात. झाडीपट्टीत थंडी आहे, पण आकाश स्वच्छ असते. युद्धाच्या गणितात जी जागा समुद्रापासून दूर म्हणून निवडली गेली, ती आता धुक्यापासून दूर म्हणून उपयोगी पडली.

येथे येणारी मुले सारी तरुण. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळा वर्षे पुरी झाल्यावर मिळू शकतो आणि उपजीविकेसाठी विमान चालवण्याचा परवाना अठरा वर्षांनंतर. त्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण पदरी असावे लागते. दोनशे तास म्हणजे किती, हे बिरसीच्या माणसांना पुस्तक न वाचता कळते. कारण त्यांतील पुष्कळसे तास त्यांच्या घरांवरूनच जातात. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडते. पतंग उडवणारा मुलगा वाऱ्याच्या उलट धावतो तेव्हा पतंगाला जो आधार मिळतो, तोच येथे पंखांना मिळतो. उडाल्यावर ते एकीकडे वळते, धावपट्टीला समांतर मागे येते, पुन्हा दोनदा वळून धावपट्टीसमोर येते आणि उतरू लागते. चाके टेकली न टेकली तोच विद्यार्थी इंजिनाला जोर देतो आणि विमान पुन्हा वर जाते. बैल जसा घाण्याभोवती फिरतो तशी ही आकाशातील फेरी, दिवसातून कितीतरी वेळा! पाहणाऱ्याला वाटते, हा एवढा का फिरतो, जायचे तेथे जात का नाही? पण उतरणे ही विमानविद्येतील सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि ती शेकडो वेळा उतरल्यावाचून येत नाही.

मग एके दिवशी शिक्षक विमानातून खाली उतरतो, दार लावतो आणि विद्यार्थ्याला म्हणतो, आता तू एकटा जा. शेजारचे आसन रिकामे असते. विमान हलके झालेले असते, म्हणून ते नेहमीपेक्षा लवकर उचलते, आणि पहिला धक्का तोच बसतो. मदतीला असतो तो फक्त कानातील आवाज, मनोऱ्यातून येणारा. ही पहिली एकट्याची फेरी काही मिनिटांचीच असते. पण वैमानिक म्हातारा झाला तरी ती त्याला आठवते, असे म्हणतात. खाली बांधीत वाकलेल्या माणसांना यातले काहीच दिसत नाही. त्यांना कालच्यासारखेच एक पांढरे विमान गेलेले दिसते.

उड्डाण शिकवताना एक गोष्ट फार लवकर शिकवतात. इंजिन बंद पडले तर कोठे उतरायचे, हे आधीच पाहून ठेवायचे. म्हणून वर गेलेला विद्यार्थी सतत खाली पाहत असतो. बांधी असेल तर तिच्या धुऱ्यावर चाके आदळतील. तलाव असेल तर विमान बुडेल. रान असेल तर झाडांच्या शेंड्यांवर जावे लागेल. झाडीपट्टी वरून फार सुंदर दिसते, पण उतरायला जागा देण्यात ती मोठी कंजूष आहे. शिवाय या आकाशाचे मूळचे मालक निराळेच आहेत. महाराष्ट्रात सारस हा पक्षी आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. उभा राहिला की माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच, जोडीने राहणारा, धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी घरटे करणारा. विमानाला पक्ष्याचे भय असते आणि पक्ष्याला विमानाचे. पण दोघांचा समान शत्रू म्हणजे तारा. विजेच्या तारांना अडकून सारस मेल्याची उदाहरणे या जिल्ह्यात आहेत. आणि २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण-विमान वैनगंगेवरून खालून उडत असता नदीवर ताणलेल्या तारेला धडकले. विमान नदीत कोसळले. शिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघांचाही अंत झाला.

सहा वर्षांनी, १८ मार्च २०२३ रोजी, बिरसीचेच आणखी एक विमान पलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ रानात पडले आणि त्यातही दोघांचे प्राण गेले. गावकरी रानातून वाट काढीत तेथवर पोहोचले. ज्यांची नावे त्यांनी कधी ऐकली नव्हती, ज्यांची भाषाही कदाचित त्यांना आली नसती, अशी ती मुले होती. पण त्यांच्या फेऱ्या त्यांनी रोज पाहिल्या होत्या. धावपट्टीच्या गावाला असे दुःख परके राहत नाही.

या अपघातांनी शिकणे थांबले नाही. उलट, बिरसीच्या आकाशात गर्दी वाढली. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी उतारूंची विमानसेवा येथे प्रथम सुरू झाली. ती काही महिन्यांतच बंद पडली. मग १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या एका कंपनीने गोंदिया-हैदराबाद-तिरुपती अशी सेवा सुरू केली. पंख्यांची सत्तर-ऐंशी आसनांची ती विमाने. तिरुपतीला जाणाऱ्या भाविकांना आणि हैदराबादच्या रुग्णालयात जाणाऱ्या आजाऱ्यांना केवढी सोय झाली! नागपूरपर्यंतचा प्रवास वाचला. पण हे विमान येण्याची वेळ झाली की शिकाऊ विमानांनी बाजूला व्हायचे. सोनेगावला जे घडले त्याची ही सुरुवात म्हणायची की काय, असा विचार मनात येतो. अजून तशी वेळ आलेली नाही. दिवसाचा बहुतेक भाग येथे शिकणाऱ्यांचाच आहे. परंतु विमानतळाचे मोठे होणे आणि लहान विमानांचे सुख या दोन गोष्टी फार काळ एका दावणीला बांधता येत नाहीत, हे खरे.

आणखीही एक हिशेब आहे. धावपट्टी लांबली, तिच्याभोवती कुंपण आले, तेव्हा बिरसीतील काही कुटुंबांना जमिनीबरोबर घरांचाही प्रश्न पडला. त्यांच्या पुनर्वसनाच्या मागण्या, मोर्चे आणि निवेदने यांना कित्येक वर्षे लोटली. आजोबांच्या काळी युद्धासाठी जमीन गेली आणि नातवाच्या काळी उतारूंसाठी. देणारे गाव तेच. विमान शिकण्याचा खर्च लाखो रुपयांचा. विद्यार्थी येतात ते दिल्लीहून, गुजरातेतून, दक्षिणेतून. बिरसीच्या एखाद्या शाळकरी मुलीला विमानाच्या आवाजावरून ते चढते आहे की उतरते आहे हे सांगता येईल. पण त्यात बसून शिकणे तिला तितके सोपे नाही. गावातील काहींना विमानतळावर पहाऱ्याचे, सफाईचे, गवत कापण्याचे काम मिळते. ते प्रामाणिक काम आहे आणि त्याने चूल पेटते. तरीही विमानाखाली राहणे आणि विमानात बसणे यांत जे अंतर आहे, ते धावपट्टीच्या लांबीने मोजता येत नाही.

म्हणूनच चंद्रपुरात काय घडते याकडे लक्ष द्यावेसे वाटते. चंद्रपूरजवळ मोरवा येथे एक लहान धावपट्टी आहे. एकीकडे कोळशाच्या खाणी, पलीकडे ताडोबाचे वाघांचे रान, आणि जवळच औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी. मोठ्या विमानांसाठी नवा विमानतळ राजुरा तालुक्यात मूर्ती येथे बांधावा, असे ठरले. पण तेथील काही जमीन जंगलाची निघाली, आणि त्या जंगलातून वाघांची जुनी वाट जाते. वाघाची वाट अडवून विमानाची वाट करावी काय, या प्रश्नापाशी ते काम अडले. आणि इकडे, नागपूरच्या गर्दीतून बाहेर पडू पाहणाऱ्या नागपूर फ्लाइंग क्लबच्या प्रशिक्षणासाठी मोरव्याच्या धावपट्टीची निवड झाली. या क्लबचे उड्डाण मध्यंतरी काही वर्षे बंदच होते. मोठ्या विमानांना जी धावपट्टी तोकडी, ती शिकाऊ विमानाला पुरून उरते. जेथे दिवसभर कुणी येत नाही तेथेच मनसोक्त फेऱ्या घालता येतात. चंद्रपूर, बल्लारपूर, मूल येथील मुलांना आता नागपूर किंवा बिरसी गाठावी लागणार नाही, निदान पाहण्यापुरती तरी. क्लब सरकारी असल्यामुळे शुल्क थोडे आवाक्यात राहील, अशी आशा तेथील पालक धरून आहेत.

गडचिरोलीला मात्र उतारूंच्या विमानांसाठी धावपट्टी नाही. त्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, आणि त्यातील बहुतेक भाग रान. निवडणूक आली की दूरच्या गावांतील मतदान केंद्रांवर शिक्षक आणि इतर कर्मचारी यंत्रे घेऊन हेलिकॉप्टरने जातात. २०१९ साली गेले, २०२४ सालीही गेले. हेलिकॉप्टरला धावावे लागत नाही. त्याला एक मोकळे मैदान पुरते. तेवढ्यापुरते मैदान झाडून घेतात, मधोमध चुन्याने एक मोठे वर्तुळ काढतात, आणि सारे गाव धूळ चुकवीत कडेला उभे राहते. मतदान होते, यंत्रे परत जातात, आणि मृगाच्या पहिल्या सरींत ते वर्तुळ पुसले जाते.